तणाला शीव नसते

शेताला धुरा असतो, गावाला शीव असते, तालुक्याला आणि जिल्ह्याला हद्द असते. ह्या साऱ्या रेघा माणसाने आपल्या सोयीसाठी आखलेल्या आहेत. तलाठ्याच्या नकाशात त्या स्पष्ट दिसतात. परंतु वाऱ्याला त्या दिसत नाहीत, पाण्याला त्या अडवीत नाहीत आणि चरावयास निघालेल्या शेळीला त्यांची जाणीव नसते. बुलढाणा जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत बुलढाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा चिखली व मेहकर तालुक्यांतून वाहत पुढे वाशीम, हिंगोली, नांदेड, यवतमाळ ह्या जिल्ह्यांना स्पर्श करीत जाते आणि अखेर चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीस मिळते. उगमाजवळच्या एखाद्या ओढ्यात पडलेले बी पुराच्या पाण्याबरोबर किती गावांच्या शिवारांत जाऊन पोहोचेल, ह्याचा हिशेब कोणास करता येईल? म्हणून जे संकट वाऱ्यावर आणि पाण्यावर स्वार होऊन येते, त्याचा बंदोबस्त एकेका धुऱ्याच्या आत राहून होत नाही. तो शेजाऱ्याशेजाऱ्यांनी, गावागावांनी आणि प्रसंगी राष्ट्राराष्ट्रांनी मिळूनच करावा लागतो.

हे संकट म्हणजे परमुलखातून येऊन येथील भूमी बळकावणाऱ्या वनस्पतींचे आणि प्राण्यांचे होय. शास्त्रज्ञ त्यांस आक्रमक परकी जाती असे म्हणतात. परंतु येथे एक गोष्ट प्रथमच ध्यानात घ्यावयास हवी. बाहेरून आले ते सारे वाईट, असे मुळीच नव्हे. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग आणि मका ही सारी मूळची अमेरिका खंडातील. गेल्या चारपाचशे वर्षांत ती भारतात आली. आज मिरचीवाचून ठेचा आणि भुईमुगावाचून चटणी ह्यांची कल्पनाही वऱ्हाडातील कोणा गृहिणीला करता येणार नाही. सोयाबीन तर मूळचे चीनकडचे. ही पिके माणूस पेरतो तेथे उगवतात आणि माणसाने हात काढून घेतला की बहुधा नाहीशी होतात. ती घरी आलेल्या सभ्य पाहुण्यांसारखी आहेत.

दुसऱ्या प्रकारचे पाहुणे मात्र निराळे. आपल्या मूळ प्रदेशात त्यांना खाणारे किडे असतात, त्यांच्यावर पडणारे रोग असतात, त्यांच्याशी स्पर्धा करणारी झाडे असतात. त्यामुळे तेथे त्यांची वाढ मर्यादेत राहते. नव्या मुलखात येताना हे सारे शत्रू मागे राहतात. मग त्यांना रोखणारे कोणी उरत नाही आणि ओसरीवर टेकलेला पाहुणा हळूहळू माजघरापर्यंत पाय पसरतो.

गाजरगवताची कथा अशीच आहे. पाने गाजराच्या पाल्यासारखी दिसतात म्हणून त्यास हे नाव पडले. ही वनस्पती मूळची अमेरिकेतील. १९५५ च्या सुमारास ती पुण्यात ठळकपणे नजरेस आली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर तिचे बी आले असावे, असे सामान्यतः मानले जाते. त्यानंतर थोड्याच दशकांत तिने भारताचा बहुतेक सारा मुलूख व्यापला. एका झाडाला दहा हजारांहून अधिक बिया येतात आणि त्या इतक्या हलक्या व बारीक असतात की वारा, पाणी, गाड्यांची चाके, धान्याची पोती, कडब्याच्या पेंढ्या आणि गावोगाव फिरणारी मळणीयंत्रे ही सर्व त्यांची वाहने बनतात. ह्या गवतातून निघणारी द्रव्ये शेजारच्या रोपांची वाढ खुंटवितात. उघड्या हातांनी ते उपटणाऱ्या मजुरांच्या अंगाला खाज सुटते व पुरळ उठते. त्याच्या परागांमुळे कित्येकांना दम्याचा त्रास होतो. जनावर सहसा त्याला तोंड लावीत नाही, म्हणून जेथे ते माजते तेथे चराईचे रानही हातचे जाते.

ह्या गवताशी एकट्याने लढणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती कशी होते? तो डवरणी करतो, मजूर लावून निंदण करतो आणि आपले शेत स्वच्छ करतो. परंतु धुऱ्यापलीकडे पडीत जमीन असते, रस्त्याची कड असते, नाल्याचा काठ असतो. तेथे तेच गवत पांढऱ्या फुलांनी डवरून उभे असते. ती जागा कोणाची, असे विचारले तर उत्तर मिळते, कोणाचीच नाही. जी जागा कोणाचीच नाही, तीच साऱ्या गावाच्या शेतांना बी पुरविणारे कोठार होऊन बसते. पुढच्या पावसाळ्यात त्या शेतकऱ्याला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. श्रम त्याचे, पैसा त्याचा आणि पीक मात्र तणाचे! हा अन्याय दूर करावयाचा असेल तर तो एकाच्या कष्टाने दूर होणार नाही.

ह्या संकटाचे खरे उग्र रूप पाहावयाचे असेल तर समुद्रातील बेटांकडे पाहावे. बेटावरचे प्राणी हजारो वर्षे बाहेरच्या जगापासून अलग राहिलेले असतात. तेथील कित्येक पक्ष्यांना शत्रू कसा असतो हेच ठाऊक नसते. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर डोडो नावाचा एक थोराड पक्षी राहत असे. त्याला उडता येत नव्हते. उडण्याची त्याला आवश्यकताच पडली नव्हती. १५९८ साली डच दर्यावर्दी तेथे उतरले. त्यांनी डोडोची शिकार केलीच. परंतु जहाजांतून आलेले उंदीर, डुकरे आणि माकडे ह्यांनी जमिनीवर घातलेली त्याची अंडी खाऊन त्याचा वंशच बुडविला. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत डोडो जगातून नाहीसा झाला. ज्या मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही राहतात, तेथे डोडो आता केवळ चित्रांत उरला आहे.

पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटाची हकिगत तर अलीकडची आहे. हे बेट सुमारे ५४० चौरस किलोमीटरांचे, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या अठराव्या हिश्शाएवढे. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांच्या मालात दडून एक तपकिरी रंगाचा, झाडावर चढणारा साप तेथे पोहोचला. त्याला रोखणारे कोणी नव्हते आणि पक्ष्यांना त्याच्यापासून जीव वाचविण्याची सवय नव्हती. थोड्याच दशकांत त्या बेटावरील अरण्यातील बारा देशी पक्ष्यांपैकी दहा जातींचे पक्षी तेथून नाहीसे झाले. एका सापाने रानाचे सारे गाणे बंद केले! जैवविविधतेच्या अभ्यासासाठी अनेक राष्ट्रांच्या शासनांनी मिळून स्थापिलेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०२३ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. जगातून कायमच्या नाहीशा झालेल्या ज्ञात प्राणी-वनस्पतींपैकी शेकडा साठांच्या नाशात आक्रमक परक्या जातींचा हात आहे, असे त्यात म्हटले आहे. ज्यांच्या नाशाचे मुख्य कारण ह्या परक्या जातीच होत्या, त्यांपैकी शेकडा नव्वद जीव बेटांवरचे होते.

परंतु ह्या कथेला दुसरी बाजूही आहे. ग्वाममधील साप शेजारच्या बेटांवर जाऊ नये म्हणून तेथून निघणाऱ्या जहाजांचा व विमानांचा माल शिकविलेल्या कुत्र्यांकडून हुंगवून तपासला जातो. त्या भागातील मायक्रोनेशिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटांच्या शासनांनी ह्याच कामासाठी एक समाईक परिषद स्थापन केली. बेटे लहान, माणसे थोडी, पैसा त्याहून थोडा. प्रत्येक बेटाला स्वतंत्र तज्ज्ञ कोठून मिळणार? म्हणून एकाने जाणलेली गोष्ट दुसऱ्याला कळवावी, मालाची तपासणी दोन्ही बंदरांत व्हावी आणि संकट एका बेटावर उतरताच बाकीच्यांनी सावध व्हावे, असा मार्ग त्यांनी धरला. एका बेटाची बेफिकिरी दुसऱ्याच्या मुळावर येते, हे समुद्राने त्यांना शिकविले.

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. तथापि एक बेट आहे. ते पाण्याने नव्हे, तर शेतांनी आणि वस्तीने वेढलेले आहे. लोणारचे सरोवर हेच ते बेट होय. अतिप्राचीन काळी आकाशातून प्रचंड उल्का येथील काळ्या पाषाणावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे एक विशाल विवर निर्माण झाले. त्याच्या तळाशी खारट आणि क्षारयुक्त पाण्याचे सरोवर आहे. वर सपाट माळ आणि खाली झाडीने भरलेली खोल वाटी! त्या पाण्यात जगणारे सूक्ष्म जीवही असे वेगळे की जून २०२० मध्ये त्यांच्यामुळे साऱ्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि जगभर त्याची चर्चा झाली. २००० साली ह्या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत लोणारचा समावेश झाला.

ह्या विवरात एक परका पाहुणा शिरला. त्याचे नाव वेडी बाभूळ. हे काटेरी झाड मूळचे मेक्सिको व दक्षिण अमेरिका ह्या बाजूचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते भारतात मुद्दाम आणले गेले. कोरड्या, उजाड जमिनीवर हिरवळ यावी आणि गरिबाला सरपण मिळावे, हा आणणाऱ्यांचा हेतू चांगला होता. परंतु हे झाड दिलेल्या जागेत राहिले नाही. त्याच्या गोड शेंगा शेळ्यामेंढ्या व गुरे आवडीने खातात. बिया मात्र पचत नाहीत, लेंड्यांतून व शेणातून त्या दूरदूरच्या रानात पडतात आणि उगवतात. झाड वरून तोडले तर बुंध्यातून पुन्हा अनेक फांद्या फुटतात. त्याच्या दाटीखाली देशी झाडांची रोपे वाढत नाहीत. लोणारच्या सरोवराभोवती त्याने अशीच दाटी केली. सरोवराच्या संवर्धनाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला आणि वन विभागाने ही झाडे काढण्याचे काम हाती घेतले.

हे काम स्तुत्य आहे. परंतु ते केवळ वन विभागाचे आहे असे समजणे ही मोठी चूक होईल. विवरातील झाडे काढली आणि विवराच्या काठावरच्या पडीत जमिनीत तीच झाडे शेंगांनी लगडून उभी राहिली, तर किती दिवस विवर स्वच्छ राहील? लोणार तालुक्याला लागून वाशीम, हिंगोली आणि जालना हे जिल्हे आहेत. मेंढपाळांचे कळप हद्दी पाहून चालत नाहीत. वन विभाग, नगर परिषद, आसमंतातील ग्रामपंचायती, शेतकरी आणि मेंढपाळ ह्या साऱ्यांनी एकत्र बसून ठरविल्यावाचून हे काम टिकाऊ होणार नाही. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार व्हावयाचा.

येथे एका गोष्टीचा विचार सहानुभूतीने करावयास हवा. ज्या झाडाला शास्त्रज्ञ शत्रू म्हणतात, त्याच झाडाच्या लाकडावर कित्येक गरीब घरांची चूल पेटते. डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईला अभयारण्याचे महत्त्व सांगितले, तर ती विचारील, संध्याकाळी भाकरी कशावर भाजू? तिचा प्रश्न खोटा नाही. म्हणून झाडे एकदम न काढता टप्प्याटप्प्याने काढावी, निघालेले सरपण प्रथम अशा घरांना द्यावे आणि रिकाम्या झालेल्या जागी कडुनिंब, चिंच, पळस, देशी बाभूळ ह्यांसारखी येथील झाडे लावावी. तसे केल्याने उतारावरची मातीही वाहून जाणार नाही. ज्यांचे पोट एखाद्या गोष्टीवर अवलंबून असते, त्यांना वगळून केलेले सहकार्य हे सहकार्यच नव्हे.

काही लोक म्हणतात, ह्यासाठी कडक कायदा हवा. कायदा हवा हे खरे. परंतु केवळ कायद्याने भागत नाही. कर्नाटक राज्याने १९७५ साली गाजरगवताला कायद्याने उपद्रवी तण ठरविले; तरी ते गवत तेथून हटले नाही. काही लोक काट्याने काटा काढावा असे म्हणतात. त्यातही तथ्य आहे. गाजरगवताची पाने खाणारा मेक्सिकन भुंगेरा नावाचा किडा भारतीय शास्त्रज्ञांनी मेक्सिकोतून आणविला. तो पिकांना उपद्रव देत नाही ना, ह्याची परीक्षा केली आणि १९८४ साली बंगळूर येथे त्यास सोडले. पुढे तो अनेक राज्यांत पसरला व पावसाळ्यात त्या गवताचा फडशा पाडू लागला. परंतु ही परीक्षा न करता उतावीळपणा केला तर काय होते, हे ऑस्ट्रेलियाने पाहिले आहे. उसावरचे भुंगेरे खाण्यासाठी १९३५ साली तेथे हवाई बेटांवरून सुमारे शंभर भेक आणले गेले. त्या भेकांनी भुंगेरे आटोक्यात आणले नाहीत. उलट त्यांचीच संतती लाखोंनी वाढली आणि त्यांच्या विषाने त्यांना खाणारे तेथील प्राणी मरू लागले. तात्पर्य, उपाय कोणताही असो, तो जाणत्यांच्या सल्ल्याने आणि सर्वांच्या संमतीने व्हावा.

वेळेवर मिळालेल्या वार्तेचे मोल तर फारच मोठे आहे. मका पेरणाऱ्या शेतकऱ्यांना अमेरिकन लष्करी अळी चांगलीच परिचित आहे. ही कीड २०१६ साली आफ्रिकेत पोहोचली आणि २०१८ साली भारतात प्रथम कर्नाटकात आढळली. तिचे पतंग एका रात्रीत कित्येक कोस उडतात. ते पाहता पाहता महाराष्ट्रात आणि पुढे देशभर पसरले. अशा किडीविरुद्ध एका शेतात फवारणी करून काय होणार? ज्याला पहिली अळी दिसली त्याने गप्प न बसता गावाला सांगावे, गावाने तालुक्याला आणि तालुक्याने शेजारच्या जिल्ह्याला सांगावे, तरच तिच्या पुढे धावता येईल.

मराठी मुलखाला हे एकत्र काम करणे नवीन नाही. शेतीच्या घाईत आज सर्वांनी एकाच्या शेतात राबावे, उद्या दुसऱ्याच्या, ही सावडीची चाल फार जुनी आहे. तिच्यात मजुरीचा पैसा नसतो. असतो तो परस्परांवरचा विश्वास. गाजरगवतासाठी हीच सावड गावांनी गावांशी का घालू नये? जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागरूकता सप्ताह पाळला जातो. ह्या सप्ताहात एका नदीच्या खोऱ्यातील साऱ्या गावांनी एकाच वेळी काम करावे. फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. उगमाकडच्या गावांनी आरंभ करावा, म्हणजे वरचे बी खाली वाहून येणार नाही. रस्त्याची कड, शाळेचे आवार, बाजाराची जागा ही आधी स्वच्छ करावी. कारण ज्या जागेला धनी नाही, तिचे धनी सारे गाव असते.

ह्या कामात शाळेतील मुलेही मागे राहता कामा नयेत. उघड्या हातांनी ते गवत उपटणे हे मुलांचे काम नव्हे. ते मोठ्यांनी काळजीपूर्वक करावे. परंतु मुलांचे डोळे तीक्ष्ण असतात. गावात नवे झाड, नवा किडा, तळ्यात नवी वनस्पती दिसली, तर ती ओळखणे, तिची नोंद ठेवणे आणि शिक्षकांना व कृषी साहाय्यकांना सांगणे हे मुलांना सहज साधेल. शेजारच्या गावातील शाळेशी अशा नोंदींची देवाणघेवाण करता आली तर अधिकच उत्तम.

डिसेंबर २०२२ मध्ये जगातील राष्ट्रांनी कॅनडातील माँट्रियल शहरी एकत्र येऊन संकल्प केला की, २०३० सालापर्यंत अशा परक्या जातींचा नव्याने होणारा शिरकाव निम्म्याने कमी करावयाचा. मोठ्या सभांतील संकल्प कागदावर सुंदर दिसतात. परंतु ते सिद्धीस जातात ते धुऱ्यावर, नाल्याच्या काठी आणि पडीत जमिनीत. गाव करील ते राव काय करील, असे आपले पूर्वज म्हणत आले. आता त्यापुढे एक पाऊल टाकावयास हवे, कारण जे एका गावाला साधत नाही ते दहा गावे मिळून साधू शकतात. आपल्या शेतातील तण काढणे हा शहाणपणा आहे. शेजाऱ्याच्या शेतात ते जाऊ न देणे हा शेजारधर्म आहे. तणाला शीव ठाऊक नाही. तेव्हा ते काढण्यासाठी पुढे येणाऱ्या हातांनाही शीव असता कामा नये.